पहारेकरी माजघरात कसे शिरतात?

चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, कुत्रं चावलं तर काय? उत्तर ठरलेलं : पोटात चौदा इंजेक्शनं. गल्लीतल्या कुत्र्यांच्या खोड्या काढणाऱ्या पोरांना आयांनी हीच धमकी दिलेली असते. रोज एक सुई, बेंबीभोवती जागा बदलत बदलत. पोटात म्हणजे जठरात नव्हे, पोटाच्या कातडीखाली. औषध इतकं भरपूर असे की दंडाच्या कातडीखाली ते मावलंच नसतं.

त्या सिरिंजमध्ये काय असे, हे मात्र टोचून घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होतं. मेंढीचा मेंदू. डेव्हिड सेंपल या ब्रिटिश लष्करी डॉक्टरनं १९११ साली हिमाचलातल्या कसौलीत ही लस तयार केली. मेंढीच्या मेंदूत रेबीजचे विषाणू वाढवायचे, तो मेंदू वाटून त्याचं पातळ मिश्रण करायचं आणि त्यात फिनॉल घालून विषाणू मारायचे. स्वस्त आणि करायला सोपी. नव्वदहून अधिक वर्षं ही लस भारतात टोचली गेली आणि तिनं असंख्य जीव वाचवले, हे आधी सांगायला हवं.

पण हजारो जणांत एखाद्याच्या बाबतीत भलतंच घडे. इंजेक्शनं सुरू झाल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी पाय जड पडत, लघवी तुंबे, कुणाला कमरेखाली काही जाणवेनासं होई, कुणी बेशुद्ध पडे. घरच्यांना वाटे, कुत्र्याचं विष चढलं. तो रेबीज नसे. लसीतला विषाणू तर मेलेला.

मग कोडं असं की सुई टोचली पोटाच्या कातडीखाली आणि बिघाड झाला मेंदूत, मज्जारज्जूत. मधल्या दिवसांत पोटापासून मेंदूपर्यंत गेलं काय?

न रंगलेला मेंदू

आधी मेंदूच्या बंदोबस्ताकडे पाहू. १८८५ साली पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानं प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून पाहिले. (योगायोग असा की त्याच वर्षी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी रेबीजची पहिली लस माणसाला टोचली.) यकृत रंगलं, मूत्रपिंडं रंगली, स्नायू रंगले. मेंदू आणि मज्जारज्जू तेवढे कोरे राहिले. एर्लिख यांना वाटलं, मेंदूला रंग धरतच नसावा. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी १९१३ मध्ये प्रयोग उलटा केला. रंग रक्तात न सोडता मेंदूभोवतीच्या पाण्यात, म्हणजे मेंदूजलात सोडला. या वेळी मेंदू गडद निळा झाला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. मेंदूला रंग चांगला धरत होता, रक्तातून तो तिथवर पोचत नव्हता एवढंच. दोघांच्या मध्ये काहीतरी आडवं होतं.

ते काय, हे स्पष्ट दिसायला १९६७ उजाडलं. रीस आणि कार्नोव्स्की या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली उंदराच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या पाहिल्या. भिंत म्हणावी अशी वेगळी वस्तू तिथे नव्हतीच. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशीच एकमेकींना इतक्या घट्ट सांधलेल्या होत्या की मध्ये फटच उरत नव्हती. शरीरात इतरत्र केशवाहिन्या, म्हणजे सगळ्यांत बारीक रक्तवाहिन्या, कुडाच्या भिंतीसारख्या असतात, वारा-पाणी थोडंफार झिरपतं. मेंदूतल्या केशवाहिन्या म्हणजे चुनेगच्ची बांधकाम. माणसाच्या मेंदूतल्या केशवाहिन्या सरळ करून एकापुढे एक जोडल्या तर लांबी भरते साधारण ६०० किलोमीटर. मुंबईहून पणजीपर्यंत एकही फट न ठेवता बांधलेली भिंत डोळ्यांसमोर आणा.

याला म्हणतात रक्त-मेंदू अडसर. शब्द छान आहे. जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा रात्री लावला की भिंतीतल्या खोबणीतून जो जाड लाकडी दांडा आडवा सरकवत, तोही अडसरच. इतका कडेकोट बंदोबस्त कशाला, तर मेंदूचं काम विजेच्या बारीक बारीक स्पंदनांवर चालतं आणि जेवणानंतर, पळल्यानंतर रक्तातल्या क्षारांत जे चढउतार होतात ते मेंदूला परवडत नाहीत. साखर आणि अमिनो आम्लं नेणारी खास कवाडं भिंतीत आहेत. चहातलं कॅफीन आणि दारू पेशींच्या स्निग्ध पडद्यातून सहज सरकतात, म्हणून तर चहानं तरतरी येते. पण पार्किन्सनच्या रुग्णाला डोपामिन टोचून उपयोग नसतो, ते आत जातच नाही. त्याला लेव्होडोपा द्यावं लागतं, अमिनो आम्लाच्या कवाडातून शिरणारं. डोपामिन आत गेल्यावर तयार होतं.

जिथे डोपामिनच्या रेणूला प्रवेश नाही, तिथे त्याच्या कितीतरी पट मोठी, रक्तातली आख्खी पांढरी पेशी कशी शिरणार? बराच काळ तज्ज्ञही हेच म्हणत होते.

अर्धवट लक्षात राहिलेला प्रयोग

पीटर मेदावार हे कातडीरोपणावर काम करणारे इंग्लंडमधले शास्त्रज्ञ, पुढे १९६० मध्ये नोबेल मिळालेले. १९४८ साली त्यांनी दुसऱ्या सशाच्या कातडीचा तुकडा एका सशाच्या मेंदूत बसवला. परक्याची कातडी शरीर एरवी काही दिवसांत झिडकारतं. मेंदूतली मात्र टिकली. यावरून पुस्तकांत वाक्य पक्कं झालं की मेंदूत रोगप्रतिकारशक्तीचा पहारा नाही, तो सवलतीचा प्रदेश आहे.

पण त्याच प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग लोक विसरले. सशाच्या अंगावर त्याच दात्याची कातडी आधी एकदा बसवलेली असेल, म्हणजे शरीराला त्या परक्याची ओळख आधीच पटलेली असेल, तर मेंदूतला तुकडाही नष्ट होई. मेंदू स्वतःहून बोंब मारत नव्हता. बाहेर बोंब झाली असेल तर शिपाई आत शिरत होते.

मेंढीच्या मेंदूच्या लसीचं कोडं इथेच सुटू लागतं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये थॉमस रिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी १९३३ मध्ये माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचं मिश्रण पुन्हा पुन्हा टोचलं. त्यात रेबीजचा मागमूस नव्हता. तरी काही माकडांना तोच लुळेपणा आला. म्हणजे दोष विषाणूचा नव्हता, मेंदूच्या मिश्रणाचा होता. पुढे १९८१ साली इस्रायलमध्ये अव्राहम बेन-नून, हार्टमुट वेकर्ले आणि इरून कोहेन यांनी मेंदूतल्या एका प्रथिनावर डोळा ठेवून असलेल्या पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि नुसत्या त्या पेशी निरोगी उंदरांना टोचल्या. उंदीर लुळे पडले. पोटापासून मेंदूपर्यंत काय गेलं याचं उत्तर हे. गेल्या त्या स्वतःच्याच पेशी.

तारेवरचं वेष्टण

या पेशी ज्याच्या मागे लागतात ते मायलिन. चेतापेशींच्या लांब तंतूंवरचं स्निग्ध वेष्टण, विजेच्या तारेवरच्या प्लॅस्टिकसारखं. मायलिन असलेल्या जाड तंतूतून संदेश सेकंदाला १०० मीटरच्या आसपास धावतो, नसलेल्या बारीक तंतूतून सेकंदाला जेमतेम मीटर-दोन मीटर. मेंढीचं आणि माणसाचं मायलिन बरंचसं सारखं असतं. म्हणून मेंढीच्या मेंदूवर उठलेल्या पेशींना माणसाचा मेंदूही तसाच दिसतो.

लसीमुळे येणारा आजार बहुतेकदा एकदाच येई. पण याच जातीचा, पुन्हा पुन्हा उसळणारा आजार मल्टिपल स्क्लेरोसिस या नावानं ओळखला जातो. पॅरिसच्या साल्पेट्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तां शार्को यांनी १८६८ मध्ये त्याचं नेटकं वर्णन केलं. आज जगात या आजाराचे सुमारे २८ लाख रुग्ण आहेत. युरोप-अमेरिकेच्या मानानं भारतात प्रमाण कमी, पण मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये दाखवून दिलं की पारशी समाजात तो लक्षणीय प्रमाणात आढळतो. एकाच शहरात, एकाच हवेत राहणाऱ्या दोन समाजांत फरक पडतो याचा अर्थ, वारशाचाही त्यात हात आहे.

रुग्ण बहुधा विशी-तिशीतला असतो आणि त्यात बायका जास्त. एका डोळ्यापुढे धुकं येतं, डोळा हलवला की दुखतो. किंवा छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं, पायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो. दोन-चार आठवड्यांत बहुतेक सगळं ओसरतं, आणि तिथेच घात होतो. ‘अशक्तपणा होता, टॉनिकनं बरं वाटलं’ म्हणून प्रकरण मिटवलं जातं. आणखी एक चमत्कारिक खूण आहे. गरम पाण्यानं आंघोळ केली किंवा मे महिन्याच्या उन्हातून आलं की जुनी तक्रार तासाभरासाठी परत येते आणि अंग थंड झालं की जाते. वेष्टण उडालेल्या तारेतून संदेश कसाबसा जात असतो, उष्णतेनं तोही अडतो.

दिंडी दरवाजा

आता पेशीच्या मागोमाग जाऊ. टी पेशी ही पांढऱ्या पेशींतली एक जात. छातीतल्या थायमस ग्रंथीत तिची परीक्षा होते, स्वतःच्याच शरीराला शत्रू मानणाऱ्या पेशी तिथे बाद केल्या जातात. परीक्षा कडक असते पण काही पेशी निसटतातच. मायलिनला ओळखणाऱ्या टी पेशी तुमच्या-माझ्या रक्तातही फिरत असतात. त्या झोपलेल्या असतात म्हणून आपण धडधाकट.

झोपलेल्या टी पेशीला मेंदूत जवळपास प्रवेश नसतो. जागी झालेलीला मिळतो, मग तिचं वैर कुणाशीही असो. हे जागं होणं मेंदूत होत नाही. ते होतं काखेतल्या, मानेतल्या, जांघेतल्या लसिका ग्रंथींमध्ये. पोटाच्या कातडीखाली मेंढीचा मेंदू टोचला की तिथल्या पेशी त्याचे तुकडे जवळच्या ग्रंथींत नेऊन दाखवतात. हजारो टी पेशी समोरून जातात, एखादी ते तुकडे ओळखते, जागी होते आणि तिच्या प्रती निघायला लागतात. लसीनंतरचे मधले दिवस याच खटाटोपाचे असत.

जाग्या झालेल्या पेशीही थेट मेंदूकडे धावत नाहीत. जर्मनीत ग्योटिंगनच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की उंदरांत या पेशी आधी फुफ्फुसात मुक्काम करतात. तिथे त्या संख्या वाढवण्याचं काम बंद करतात आणि हालचालीची हत्यारं पाजळतात, मग निघतात. सिगारेट ओढणाऱ्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका जास्त असतो हे आधीपासून माहीत होतं. दोन्ही गोष्टींचा धागा जुळत असावा असा अंदाज आहे.

पेशी रक्ताच्या धारेत वेगानं वाहत असते. तिला थांबायचंय ते मेंदूतल्या बारीक नीलांपाशी, केशवाहिन्या संपून नीला सुरू होतात त्या जागी. धावत्या लोकलमध्ये चढणारा माणूस आठवा. आधी बोटं दांड्याला लागतात, मग पंजा आवळतो, मग पाय फळीवर येतो. टी पेशीच्या अंगावरही असे हात असतात. त्यातल्या महत्त्वाच्या हाताचं नाव अल्फा-४ इंटेग्रिन. नीलेच्या अस्तरावरचा दांडा म्हणजे व्हीकॅम नावाचं प्रथिन. निरोगी मेंदूत हे दांडे विरळ, दाह सुरू झाला की भराभर उगवतात. पेशी आधी घरंगळते, मग भिंतीवरून रासायनिक इशारा मिळाला की पकड घट्ट होते आणि ती थबकते.

यानंतरचं दृश्य २००९ मध्ये जर्मन संशोधकांनी जिवंत उंदराच्या मज्जारज्जूत प्रत्यक्ष पाहिलं. पेशींना हिरवा चमकणारा रंग दिला होता. त्या चिकटल्या आणि चालू लागल्या, तेही बऱ्याचदा रक्ताच्या धारेच्या उलट दिशेनं. ओढ्याच्या पाण्यात दगड धरत धरत वर सरकणारा खेकडा जसा चालेल तशा. बराच वेळ त्या भिंत चाचपत होत्या. आत शिरायची योग्य जागा सापडली की पेशी अंग चपटं करते आणि दोन अस्तरपेशींच्या मधून, किंवा दाह जोरात असेल तर चक्क एका अस्तरपेशीच्या पोटातून पलीकडे जाते. दिंडी दरवाजाही असाच, माणूस वाकून आत गेला की लगेच बंद. भिंत पाडावी लागत नाही. हा मुद्दा सहसा चुकवला जातो : पेशी शिरतात म्हणजे अडसर आधीच मोडलेला असतो असं नाही. तो मोडतो नंतर, गर्दीनं.

जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये आणखी एक गंमत दाखवली. उंदरांत या पेशींची पहिली वाट बऱ्याचदा कमरेच्या पाचव्या मणक्यापाशी उघडते. का, तर जमिनीवर उभं राहताना पोटरीचा एक स्नायू सतत ताणलेला असतो, त्याचे संदेश त्या मणक्यापाशी पोचतात आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना पेशी बोलावणारं रसायन सोडायला लावतात. उंदरांचे मागचे पाय अधांतरी ठेवले तेव्हा तिथली गर्दी कमी झाली. पोटरीचा स्नायू विजेनं चेतवला, तेव्हा परत वाढली. माणसात असंच होतं असं यावरून कुणी समजू नये. पण दार कुठे उघडेल हे नसासुद्धा ठरवतात, ही कल्पना मला विलक्षण वाटते.

देवडीवरची चौकशी

दिंडीतून आत आलात म्हणजे घरात आलात असं वाड्यात नसे. आत लगेच देवडी. तिथे पहारेकरी बसलेला. कोण, कुठले, कुणाकडे? ओळख पटली तर पुढे चौक, मग माजघर. नाहीतर तिथूनच माघारी.

मेंदूतही पहिल्या भिंतीच्या आत एक चिंचोळी जागा असते, नीलेच्या भोवती बाहीसारखी. तिच्या पलीकडे दुसरी भिंत. ही भिंत ताऱ्याच्या आकाराच्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशींनी पाय एकमेकांना भिडवून उभी केलेली असते. मधली जागा म्हणजे देवडी आणि तिथले पहारेकरी म्हणजे रक्तवाहिनीलगतच्या भक्षक पेशी. त्या मेंदूतला कचरा गोळा करून त्याचे तुकडे अंगावर मिरवत असतात, जणू घरातल्या माणसांच्या तसबिरी. आलेली टी पेशी त्या न्याहाळते. तिच्या ओळखीचं काही नसेल तर ती तिथेच मरते किंवा मेंदूजलाच्या वाटेनं निघून जाते. रोजची गस्त अशीच चालते. निरोगी माणसाच्या साधारण १५० मिली मेंदूजलातही लाखांच्या घरात पांढऱ्या पेशी असतात. मेंदूत पहारा नाही, हे म्हणणं तेव्हाही खरं नव्हतं.

पण टी पेशी मायलिनवर उठलेली असेल आणि देवडीवर तिला मायलिनचाच तुकडा दिसला, तर ती दुसऱ्यांदा जागी होते. ही दुसरी जाग घातक. आता ती रसायनं सोडते, बाहेरच्या नीलेच्या अस्तरावर आणखी दांडे उगवतात, रक्तातून आणखी टी पेशी, बी पेशी (पांढऱ्या पेशींतली दुसरी जात) आणि मुख्य म्हणजे भक्षक पेशी धावून येतात. देवडी खचाखच भरते. सूक्ष्मदर्शकाखाली नीलेभोवती पेशींचं कडं पडलेलं दिसतं.

उंदरात या वेळेपर्यंत बाहेरून काहीच दिसत नाही. तो ठीक चालत असतो. मग भक्षक पेशी मेटॅलोप्रोटिनेज नावाची, कात्रीसारखी विकरं सोडतात आणि ॲस्ट्रोसाइटचे पाय ज्या दोऱ्यांनी जागेवर बांधलेले असतात त्या दोऱ्या कापतात. दुसरी भिंत फुटते, जमाव माजघरात शिरतो आणि उंदराची शेपटी लुळी पडते. पहिल्या दारातून शिरणं म्हणजे आजार नव्हे. दुसरं दार फुटतं तेव्हा आजार सुरू होतो.

आता अडसरही गळू लागलेला असतो. एमआरआय काढताना शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात ते हेच पाहायला. धड भिंतीतून ते मेंदूत जात नाही, जिथे गळती आहे तिथे झिरपतं आणि पडद्यावर पांढरा ठिपका उमटतो. काही आठवड्यांत गळती बुजते, ठिपका विझतो. मागे राहतो तो वण.

चौकट : ओळख चुकते कशी?

भारतात मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या बहुतेकांना मेंढीचा मेंदू कुणी टोचलेला नसतो. मग त्यांच्या टी पेशींना जाग कशानं येते? मोठा संशय एपस्टीन-बार विषाणूवर आहे. हा विषाणू जगातल्या बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात मुक्काम करून असतो. अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक जणांच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये दाखवलं गेलं की या विषाणूची लागण झाल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका ३२ पटींनी वाढतो. त्याच वर्षी असंही आढळलं की विषाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा मेंदूतल्या ग्लायलकॅम या प्रथिनाशी मिळताजुळता आहे. चोर पकडायला निघालेला शिपाई चोरासारख्या दिसणाऱ्या घरच्याच माणसाची मानगूट धरतो, तसलं हे. पण लागण जवळपास सगळ्यांना आणि आजार थोड्यांनाच. वारसा, सिगारेट, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता, कोवळ्या वयातला लठ्ठपणा हे बाकीचे साथीदार.

हात बांधले तर?

इतकं कळल्यावर उपाय सुचतोच. दांडा धरणारा हातच झाकून टाका. १९९२ मध्ये टेड येडनॉक, लॉरेन्स स्टाइनमन आणि सहकाऱ्यांनी उंदरांत नेमकं हेच केलं. अल्फा-४ इंटेग्रिनला चिकटणारं प्रतिपिंड टोचलं, टी पेशींच्या हातात जणू मोजे आले, पकड बसेना, उंदीर लुळे पडेनात. त्यातून माणसासाठीचं नॅटॅलिझुमॅब तयार झालं. दोन वर्षांच्या चाचणीत आजाराच्या उसळ्या ६८ टक्क्यांनी घटल्या. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली.

तीन महिन्यांत, फेब्रुवारी २००५ मध्ये, औषध बाजारातून परत घेतलं गेलं. ते घेणाऱ्या काही जणांच्या मेंदूत जेसी नावाच्या विषाणूनं थैमान घातलं होतं. हा विषाणू निम्म्याहून अधिक मोठ्या माणसांच्या अंगात निमूट पडून असतो. तो निमूट का असतो, तर टी पेशी मेंदूत गस्त घालतात म्हणून. औषधानं घुसखोरांबरोबर गस्तीवाल्यांचेही हात बांधले. मेंदूत पहारा असतो का, या जुन्या वादाचा निकाल इतक्या महागात लागला.

औषध २००६ मध्ये कडक अटींवर परत आलं आणि आजही वापरात आहे. आता रुग्णाच्या रक्तात जेसी विषाणूची प्रतिपिंडं आहेत का हे आधी तपासतात, धोका जास्त असेल तर दुसरं औषध निवडतात. माझ्या मते औषध परत आणणं योग्यच होतं. चालता येणं आणि न येणं यातला फरक ज्यांना भोगावा लागतो, त्यांना धोका समजावून सांगून निवड करू देणं बरं.

दुसरी युक्ती टी पेशींना ग्रंथीतच अडकवून ठेवण्याची. तिचा उगम कीटकांवर वाढणाऱ्या एका बुरशीत. तेत्सुरो फुजिता या जपानी शास्त्रज्ञाच्या गटानं त्या बुरशीतल्या द्रव्यात फेरफार करून फिंगोलिमोड तयार केलं. लसिका ग्रंथीतून बाहेरची वाट टी पेशी एका स्निग्ध रेणूच्या खुणेनं शोधतात. या औषधानं ती खूण ओळखणं बंद होतं आणि पेशी आतच राहतात. २०१० पासून ही गोळी मिळते. सुई नको असणाऱ्यांना तो मोठाच दिलासा होता. त्यानंतर २०१७ मध्ये आलेलं ऑक्रेलिझुमॅब तर बहुतेक टी पेशींना हातही लावत नाही, बी पेशी नष्ट करतं, तरीही उसळ्या जोरात कमी होतात. इतकी वर्षं सगळा आरोप टी पेशींवर ठेवणाऱ्यांना यानं चांगलंच गप्प केलं. बी पेशी टी पेशींना चिथावण्याचं काम करतात, हे मग नीट लक्षात आलं.

मात्र ही सगळी औषधं दाराशी काम करतात. आजार जुना झाला की रोगाचा कारभार आतूनच चालतो. मेंदूच्या आवरणांत ठाण मांडलेल्या पेशी, मेंदूतल्याच चिडलेल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी, आणि त्यांच्यामागे केव्हाच लागलेला अडसर. तेव्हा बाहेरचं दार कितीही बंद करा, फायदा थोडाच होतो. म्हणून उपचार लवकर सुरू होणं महत्त्वाचं. एका डोळ्यापुढचं धुकं आपोआप गेलं म्हणून गप्प बसू नये, मेंदूविकारतज्ज्ञांना एकदा दाखवावं.

आणि ती चौदा इंजेक्शनं

मेंढीच्या मेंदूची लस भारतात २००५ च्या सुमारास बंद झाली. आताची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तयार होते, तिच्यात मेंदूचा अंशही नसतो. ती दंडात देतात, चार किंवा पाच वेळा. पण चौदा सुयांची धास्ती अजून घरोघरी टिकून आहे. तिच्यापायी कुणी हळद लावतं, कुणी मिरची चोळतं, कुणी ‘पाळलेलंच आहे’ म्हणून वाट पाहतं. रेबीजचा विषाणू नसांच्या वाटेनं मेंदूत जातो, त्याला कुठलाही अडसर आडवा येत नाही, आणि लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लस तिथे मोफत मिळते.